हद्द पुलाच्या मधोमध

डिसेंबरात मोजले तेव्हा एक्केचाळीस होते.
मी स्वतः मोजले, बॅटरी खाली धरून,
तोंडावर उजेड न मारता, पायांवरून.
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सतरा,
एस.टी. स्टँडात चौदा,
मच्छी मार्केटच्या पत्र्याखाली नऊ
आणि मांडवीला एक,
उलट्या होडीच्या पोटात.
बागराखणीचं काम सुटलेला खिमलाल
झोपेतच म्हणाला, "हजर".

जानेवारीत महोत्सव होता.
पुळणीवर झालरी लागल्या, दिवे लागले,
आणि पराडकर हसत केबिनमध्ये आला:
मॅडम, अठरा.
आढावा बैठकीत टाळ्या पडल्या.
निशिगंधाचा गुच्छ मिळाला मुख्याधिकाऱ्यांना,
म्हणजे मला.
तो मी घरी नेला. पाण्यात ठेवला.

पण निवाऱ्यात तीस खाटा, आणि माणसं नऊच.
डिसेंबरात नऊ, आताही नऊ.
एक्केचाळीसातून अठरा गेले, उरले तेवीस;
हे तेवीस कुठे ठेवलेत?
शाळेत बाई विचारायच्या तसं
मी स्वतःलाच विचारलं,
हातचा कुठं ठेवलास?

रात्री स्कूटर काढली.
भाट्याच्या पुलावर मधोमध एक पाटी आहे,
नगरपरिषद हद्द समाप्त.
खालून खाडी जाते,
ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता.
पाटीपाशी मी थांबले,
उगाच, दोन मिनिटं,
माझा अधिकार तिथवरच होता म्हणून.

पलीकडे सुरूच्या बनात
साड्या बांधलेल्या, तीन दगडांची चूल,
आणि द्वारकी भाटकर, तांदूळ निवडत.
"पोलिसांच्या गाडीनं आणलानी आमाला,
भाडं नाय घेतलानी हां," म्हणाली.
"परत जायचं तर मात्र पायी.
तीनला बोटी लागतात,
दोनला उठून पूल चालायचा."

निवाऱ्यात का येत नाही, विचारलं.
तिनं सूप खाली ठेवलं.
"तुमचं गेट कवा उघडतं, बाय?"
सहाला.
"सहाला लिलाव संपतो.
आनी माजी पाटी? सुकटाची?
तुमचा तो पोरगा दारातच नाकाला रुमाल लावतो,
म्हनतो, सातवा नियम."

सातवा नियम:
दुर्गंधीयुक्त वस्तू आत आणू नयेत.
तो मी लिहिला होता,
पंख्याखाली बसून, एका बैठकीत,
सहावा आणि आठवा यांच्यामध्ये
काहीतरी हवं होतं म्हणून.

बाबामियाँ सोलकर उठलेच नाहीत.
चाळीस वर्षं तांडेल होते.
"मला नको तुमची खाट," म्हणाले,
"भिंतीत मला मळमळतं.
ती मांडवीची होडी तेवढी राहू दे.
तिच्याखालून मला उचलू नका."
लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात बसवायचं ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटचं कुलूप काढलं.
आयरे चौकीदार म्हणाला, रात्री काही झालं तर जबाबदारी कोणाची?
माझी.
तसं लिहून द्या.
दिलं.
पुलावरून चौदाजण परत आले, एकदम नव्हे,
दोन आज, एक परवा,
खिमलाल आला तो दुसऱ्याच कोणाचं गाठोडं घेऊन.
बाकीचे सुरूत आहेत.
त्यांना माझा भरवसा नाही,
आणि का असावा?

अहवालातलं अठरा मी खोडलं.
आकड्यात लिहिलं तर एखादी रेघ इकडची तिकडे होते,
म्हणून चेकवर लिहितात तसं
अक्षरी लिहिलं:
एक्केचाळीस फक्त.

वरून खुलासा मागवलाय,
संख्या वाढली कशी?
मसुदा चालू आहे, तिसऱ्या ओळीपाशी अडलाय.
सातव्या नियमावर काट मारली आहे,
आणि द्वारकीची पाटी आता आत असते,
मागच्या खिडकीखाली.
संध्याकाळी दर्प येतो, खोटं कशाला बोलू.
रात्री मतलई सुटली
की समुद्राकडे जातो.