मी येईपर्यंत थांब

हेरगायर, काल रात्री वादळानं वीज नेली
दोन चाळीसला, आणि साडेतीनला परत आणून टाकली,
शेजाऱ्यानं मागून नेलेलं भांडं उंबऱ्यावर ठेवून जावं तशी.
बोगद्यातून गाडी हाणत मी आले.
खोलीतली तिन्ही यंत्रं जागी झालेली,
पण टाक्यांत बुडबुडे नव्हते.
सॅमनची चाळीस हजार पिल्लं
पाण्याच्या काठाशी तोंडं वासून.
आधी सिलिंडरचा कॉक हातानं सोडला,
मग ओल्या बुटांनीच खुर्चीत बसले
हजेरी घ्यायला : कोण उठलं, कोण नाही.

लिनक्सवाला गडी शहाणा.
त्याच्या फायलीत मीच लिहून ठेवलंय :
नेटवर्क आल्यावर ऊठ.
मेलास तर पाच सेकंदांनी पुन्हा ऊठ.
पहिल्या वर्षी मला उमगलं नव्हतं
की आज चालू करणं निराळं
आणि उद्याही आपला आपण चालू हो, हे बजावणं निराळं.
दोन वेगळ्या आज्ञा. एक विसरलं
की पुढच्या अंधारानंतर नुसती शांतता.

मार्यूनच्या मॅकवर हिशेब, आणि कॅमेरे.
कॅमेऱ्यांचा प्रोग्राम तिच्या नावाच्या फोल्डरात होता,
म्हणजे ती येऊन पासवर्ड टाकेपर्यंत
तो डोळे उघडणार नव्हता.
उचलून यंत्राच्या फोल्डरात ठेवला. चार मिनिटं.
मार्यूनला आवडणार नाही. सांगेन.

राहिलं तुमचं विंडोज.
सर्व्हिसेसची ती लांबलचक यादी, कचेरीतल्या मस्टरसारखी,
प्रत्येक नावापुढे शेरा :
ऑटोमॅटिक, ऑटोमॅटिक, ऑटोमॅटिक पण जरा उशिरानं,
डिसेबल्ड,
आणि ऑक्सिजनपुढे, मॅन्युअल.

मला वाटलं, चूक.
मग वर्णनाचा रकाना दिसला.
तिथे कोणी स्वतःचं काही लिहीत नाही. तुम्ही लिहिलं होतंत :
मी येईपर्यंत थांब.

म्हणजे एकोणीस वर्षं, वीज जाऊन आली की
तुम्ही यायचात, टाक्यांवरून एक फेरी,
पाण्यात हात, आणि मगच बटण.
यंत्रावर भरवसा नव्हता म्हणून,
की आपल्यावाचून अडावं म्हणून,
हे मी विचारणार नाही.
आता तुम्ही क्लाक्सविकला लेकीकडे, गुडघ्यात स्क्रू घेऊन,
आणि इथे ती सर्व्हिस
इमानानं थांबून होती.

ऑटोमॅटिक केलं.
बंद पडली तर पुन्हा सुरू, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही.
मग मुद्दाम यंत्र बंद करून चालू केलं
आणि दारात उभी राहिले.
अठ्ठावन्न सेकंद.
मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.
बुडबुडे.

वर्णन पुसलं नाही.
यंत्र तो रकाना वाचत नाही.

सहाला तुमचा फोन. वादळाचा विषय नाही, गुडघ्याचा नाही.
मासे?
आहेत.
बटण?
दाबलं, म्हणाले.
पलीकडे किटली उकळत होती.
पाण्यात हात घालून बघितलास?

फोन कानाशी तसाच धरून
मी टाकीकडे निघाले,
दातांनी बाही वर ओढत.