पेरं

आठवडाभर मी माणसांची पेरं बघते.
सोहारच्या हॉस्पिटलात, शिशाचा एप्रन घालून,
हात सपाट ठेवा, हलू नका.
परवा शमशुल वेल्डरची करंगळी होती,
मधलं पेर तिरकं गेलेलं,
आणि तो विचारत होता, रविवारी कामावर जाता येईल ना?

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
वादीच्या कोरड्या पात्रात घडीची खुर्ची टाकते.
समोर थुमाम.
काड्यांचा नुसता गुंता,
कुणी कधी न विंचरलेल्या डोक्यासारखा.
हिरवं म्हणावं तर राखाडी,
आणि पेरापेराशी किंचित जांभळं.
तीन रंग कालवून मी जवळपास पोचते;
वाळला की रंग पुन्हा लांब जातो.

पान जिथे काडीला सोडतं
तिथे गवताला एक जिभली असते.
याची म्हणजे केसांची झालर.
भिंग लावून मोजत बसले. मग मोजणं सोडलं.

पहिल्या वर्षी मुळं काढली ती स्वच्छ धुऊन.
दोन बादल्या पाणी, जुना टूथब्रश.
कागदावर उतरली गोरी, सुतासारखी.
मला फार आवडली होती.
शेळ्यांमागून आलेली रय्या चित्र बघून म्हणाली,
"याचे कपडे का काढलेस?"
वाटलं, माझं अरबीच कच्चं.
तिने पुरात उघडं पडलेलं मूळ
काठीने दाखवलं:
वाळूची बाही. दाणा न् दाणा चिकटलेला,
झटकूनही न सुटणारा.
रात्री आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, मग धुतलंस कशाला?

आता वाळू काढते आहे. म्हणजे ठिपके.
सात शुक्रवार झाले, अजून एकच मूळ.
वरचा तुरा राहिला तो राहिलाच;
समासात पेन्सिलने लिहून ठेवलंय,
"अपूर्ण. नमुना शेळीने खाल्ला."

शमशुल पुन्हा आला, बोट तपासायला.
नखांत, कातडीच्या चिरांत लोखंडाची कणी.
"धुऊन येऊ, मॅडम?"
राहू दे, म्हटलं.
पडद्यावर हाड आलं, सरळ जुळत असलेलं,
आणि त्याच्याभोवती
बारीक बारीक
पांढरे ठिपके.