बरं शे

सव्वाआठला फोन वाजतो.
माय विचारते, जेवनी का?
हाव.
बरं शे ना?
हाव, बरं शे.
एकोणीस सेकंद.
मग फोन उलटा, उशीखाली.

बांभोरीच्या टेकडीवर एप्रिल.
होस्टेलच्या भिंती रात्री दोनलाही
तव्यावरून नुकत्याच उतरवल्यासारख्या.
कूलरमधलं पाणी संपलंय, उठून कोण भरणार.
मी पंख्याकडे बघत मोजते
केस धुवून किती दिवस झाले,
बाराच्या पुढे आकडा सापडत नाही.

मला वाटायचं, ह्याला आळस म्हणतात.
शिंदखेड्यात सगळे तेच म्हणतात,
दुपारी भिंतीकडे तोंड करून निजलेल्या बाईला,
न बोलणाऱ्या पोराला.
शिवाय मी बीएस्सीला पहिली आलेली.
स्टॅंडजवळच्या फ्लेक्सवर माझा फोटो,
पिवळ्या अक्षरांत नाव, खाली अकरा शुभेच्छुक.
फ्लेक्सवरच्या मुलीला
झोप येत नाही म्हणून कसं चालेल?

रमिला पाडवी, खाट नंबर दोन,
अक्कलकुव्याच्याही पलीकडची,
दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी.
एका सकाळी तिनं माझी बादली भरून
न्हाणीत नेऊन ठेवली.
मगात शाम्पूची एक रुपयाची पुडी.
म्हणाली, पाणी नऊला जातं.
बस, एवढंच.
त्या दिवशी मी रडलेसुद्धा नाही,
रडते ती आता, ती बादली आठवून.
तेव्हा नुसती केसांत बोटं घालून बसले,
पाणी गेलं तरी.

मग तीच घेऊन गेली.
ग्रंथालयामागे, झेरॉक्सवाल्याच्या बाजूच्या जिन्यानं वर.
दारावर 'समुपदेशन क',
पुढचा 'क्ष' कुणाच्या तरी खांद्यानं पुसलेला.
रमिला बाहेरच्या बाकावर बसली, चपला काढून,
जसं आत कुणाचं ऑपरेशन चाललंय.

भामरे मॅडमनी विचारलं, काय होतंय?
मी पुस्तकातली मराठी चाचपत राहिले.
ताण म्हणावं, तर ताण दोरीला असतो.
नैराश्य म्हणावं, तर ते पेपरातलं,
आपल्या अंगावर ढगळ होणारं.
शेवटी तोंडातून घरचंच निघालं,
मना जीव लागत नही.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
कव्हयपासून?
त्यांनी असं विचारलं
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
मला उत्तर माहीत असलेला प्रश्न आला.

जादूबिदू काही झाली नाही.
बुधवारी जाते. दोन बुधवार बुडवलेत.
सिव्हिलच्या डॉक्टरांनी एक गोळी दिलीय,
ती चण्याच्या डबीत ठेवते, कुणी विचारू नये म्हणून.
एक पेपर राहिला. तो राहिलाच.
संध्याकाळी ऊन उतरलं की
मेन गेटपर्यंत चालून येते,
कधी त्याच्या निम्म्यातूनच परत.

प्रॅक्टिकलला आम्ही काचेच्या बशीत जिवाणू पेरतो,
झाकण लावून सदतीस अंशांवर ठेवतो.
सर ओरडतात, दर तासाला उघडून बघू नका रे,
आत चाललंय त्याचं त्याचं काम.
दोन वर्षं ऐकतेय.
ह्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

सव्वाआठ.
जेवनी का?
हाव, अर्धी भाकर.
बरं शे ना?
नही माय. आज बरं नही शे.

पलीकडे फोडणी तडतडत राहते.
मग गॅस बंद केल्याचा आवाज.
मग काहीच नाही.
मला वाटतं, रेंज गेली.
माय म्हणते, हळू, बाबा ओसरीवर असणार,
माले बी व्हस तसं कधी कधी.
कोणले सांगू?

माले सांग, मी म्हणते.

एकोणीस सेकंद केव्हाच सरलेत.
माय सांगतेय, मध्येच थांबतेय.
इकडे रमिला कूलरमध्ये पाणी ओततेय,
अर्धं आत, अर्धं फरशीवर.