वजनकाटा

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
गच्चीवर अठ्ठावीस आउटडोअर,
खालच्या खोल्यांची ऊब उचलून
आमच्या तोंडावर फेकणारे.
नऊ वाजलेत. पाना हातात धरवत नाही.
लोकेंद्र म्हणतो, उस्ताद, चिमट्यानं द्या.

अकरा वर्षं माझी रीत एकच होती.
पिन दाबायची, तोंड फिरवायचं,
फुस्स.
बोटावर बर्फाचा पांढरा चट्टा,
थोडा तेलाचा वास,
आणि जुना एसी रिकामा.
दीड मिनिटाचं काम.
कुठं गेला, कुणी विचारलं नाही.
वारा होता, वाऱ्यात गेला.

आता मशीन आलंय. सिलिंडर आलाय. खाली वजनकाटा.
जुना आर-बावीस ओढून घ्यायचा,
आकडा वहीत लिहायचा, मग पुढचा स्क्रू.
पाऊण तास जातो. मुकादम घड्याळ बघतो.

पहिल्या दिवशी तपासणीला शम्सा मॅडम आल्या,
अबायाच्या बाह्या दुमडून काट्यासमोर उकिडव्या बसल्या.
सात चारशे होता, आठ सहाशे पन्नास झाला.
सव्वा किलो, त्या म्हणाल्या,
म्हणजे हवेत दोन टनांहून जास्त धूर
आज गेला नाही.

मी वाकून पुन्हा बघितलं.
न दिसणाऱ्याला वजन असतं
हे मला ठाऊक होतं, कसं नसेल,
नमाजी माणूस आहे मी,
एक दिवस तराजू मांडला जाणार हे लहानपणीच ऐकलंय.
पण तो असा प्लास्टिकचा असेल,
बॅटरीवर चालणारा,
हे मनात आलं नव्हतं.

दिवसाला दोन तरी. महिन्याला पन्नास.
अकरा वर्षांचा गुणाकार
जिन्यात बसून करायला घेतला
आणि अर्ध्यात सोडला.

केळशीच्या बाजारात बाप सुकट तोलायचा.
पारड्याला माझं बोट लागलं तर म्हणायचा,
काढ ते. काटा खोटं शिकतो.

नव्या मशीनवर लेबल असतं.
तारे ठळक, घरमालकाला तेवढेच दिसतात.
किती तारे, बिल किती उतरेल, बस.
गॅसचं नाव कोपऱ्यात
मुंगीच्या पायाएवढं.
लोकेंद्र स्टिकर थोडा तिरका लावतो,
मी काढून सरळ लावतो,
तो हसतो. उस्ताद, तारे तिरकेच असतात.

रुकय्याला फोनवर सांगितलं,
आता असेही एसी येतायत, आत तुझ्या शेगडीतला गॅस.
ती किती वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, ज्यावर मी भाकरी भाजते
त्यावर तिकडे शेख झोपतात?
झोपतात, म्हटलं. मूठभरच लागतो.
पण सांधा पक्का हवा. ठिणगी नको.
मला शिकवू नका, म्हणाली,
सिलिंडर बदलला की साबणाचा फेस मी लावते,
तुम्ही नाही.

साडेबारा ते तीन उन्हात काम बंद.
गच्ची सोडून सगळे खाली,
आमच्या खोलीत, सहा खाटा, एक खिडकीचा एसी.
त्याला लेबल नाही.
कधी होतं की नाही कुणास ठाऊक.
दर एप्रिलला मी त्यात गॅस भरतो,
दर सप्टेंबरला तो संपलेला असतो,
आणि मधल्या महिन्यांत आम्ही झोपतो.

आज जेवलो नाही.
वाटीत साबण घोळला,
जुना दाढीचा ब्रश घेतला,
खुर्चीवर चढून तांब्याच्या नळीवरून
हळूहळू फिरवत नेला.
पहिला सांधा, काही नाही.
दुसरा, काही नाही.
लोकेंद्रनं मोबाइलची बत्ती धरली.

तिसऱ्यावर एक फुगा आला,
मसुरीच्या दाण्याएवढा.
थांबला. फुटला.
पुन्हा त्याच जागी आला.

वही आण, म्हटलं.