छपाई

कळमन्यात मिरचीच्या अडतीवर
तीन दिवसांचं प्रशिक्षण. अकरा माणसं, सहा कम्प्युटर.
कीबोर्डात लाल भुकटी,
मी बोलायच्या आधी शिंकते.

मालकाला परवान्याचा खर्च शून्य हवा होता.
सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हटलं,
सवय फुकट नाही. माझं बिल सवयीचं.
तो हसला, आणि दहा टक्के कापले.

मागच्या खुर्चीत तुमसरे दिवाणजी,
कूलरकडे पाठ, डोळे बारीक:
"जुनं काऊन काढलं बाप्पा? चांगलं तं होतं."
हे खुलं आहे, मी सांगितलं,
आतलं कोणालाही वाचता येतं, दुरुस्तही करता येतं.
"बिनकुलपाच्या गोदामात माल कोन ठेवते?"
सगळे हसले.
माझ्या चाळीस स्लाइडांत याचं उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, तर्री-पोहे आटोपल्यावर
त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.
मेनूत लिहिलं होतं: छापाई.
"छपाई पाहिजे. आमच्या शाळेत अशाला छडी बसे."

मग बसलो दोघं.
त्यांच्याच हातानं एक काना खोडला.
नावाच्या रकान्यात: नथ्थू तुमसरे, कळमना.
पाठवलं. कुठे,
ते मलाही नीट सांगता आलं नाही.

दिवाळीच्या तोंडी फोन आला.
"आलं बाई अपडेटात. छपाई.
म्हंजे सगळीकडंच आलं असंन?"
सगळीकडे.
बराच वेळ नुसता काट्यावर पोती पडल्याचा आवाज,
मग एक शिंक.
"बरं, लिहून घे. अजून चार सापडल्या."