हरभऱ्याचा डबा

पहिले आठ दिवस मी तिला उचलूनच आत ठेवायचो.
लाही. पांढरी, एक कान करपल्या भाकरीचा.
पाय झाडायची, माझ्या मनगटावर ओरखडे.
खालची रेहाना म्हणाली,
"उचलू नका भाऊ, तिला वाटतं घारीनंच नेलं."

मग तंबाखूच्या जुन्या डबीत चार हरभरे टाकले.
उदगीरच्या आमच्या गच्चीवर
ऊन टाकीमागं गेलं, की डबी वाजवायची,
पिंजऱ्याच्या दारात कोथिंबिरीची एक काडी.

पहिल्या दिवशी तिनं फक्त कान वळवला.
चौथ्या दिवशी टाकीपर्यंत आली,
बसून तोंड धुतलं,
परत गेली.
मी बसून राहिलो, गुडघे आखडेपर्यंत.
बाविसाव्या दिवशी, मी दुसरीकडं बघत असताना,
भाडेकरूसारखी सरळ घरात शिरली.

काल बाजार बंद. कोथिंबीर नाही.
तरी डबी वाजवली मी.
ती पळत आली, आत गेली,
कोरड्या पत्र्यावर नाक फिरवलं,
आणि वळून बसली, माझ्याकडं तोंड करून.

कडी लावायला हात धजेना.
जिना उतरलो, रेहानाकडं काडीभर कोथिंबीर उसनी मागितली.
"एवढ्यासाठी?" म्हणत तिनं अख्खी जुडी दिली.

वर आलो.
दार सताड उघडं,
आणि ती आतच.