सीट पुढे ओढताना

डोरीनच्या खिडकीला पावती सरकेल एवढीच फट.
"गाडीचे कागद. शेरिफकडची सुटकेची चिठ्ठी.
आणि लायसन्स असलेला माणूस,"
सुईवरचा टाका न सोडता ती म्हणते.
मी बाजूला होतो.
लायसन्स असलेला माणूस सतरा वर्षांचा आहे,
त्याच्या टोपीला लोकरीचा गोंडा आहे,
आणि गेल्या पाच दिवसांत मारित माझ्याशी
"मीठ दे" एवढंच बोललीय.

ओढून आणल्याचे एकशे पंच्याऐंशी.
ठेवल्याचे रोजचे चाळीस, दिवस पाच.
"रविवारी तर तुमचं ऑफिस बंद होतं."
"ट्रक काही चर्चला गेला नव्हता," डोरीन म्हणते.
एरवी मी हसलो असतो.
विसाविसाच्या नोटा दोनदा मोजतो,
दोन्ही वेळा पंचेचाळीस कमी भरतात.
मारित दातांनी हातमोजा काढते,
फोनच्या कव्हरमागून बेकरीचा पगार काढते,
फटीतून आत सरकवते.
पावतीवर नाव माझं, सही तिची.
खाली कुठेही
चूकभूल द्यावी घ्यावी
असं छापलेलं नाही.

धान्याच्या उंच कोठ्यांमागे तारेचं कुंपण,
उणे बावीस.
ओळीने उभ्या आहेत कुणाकुणाच्या रात्री:
फुटक्या दिव्याची एक व्हॅन,
मागे लहान मुलाची सीट, सीटमध्ये एक बूट.
बर्फ सगळ्यांवर सारखाच पडलाय.
लाइल वायरी घेऊन येतो, बॅटरीला चिमटे लावतो,
माझ्याकडे बघत नाही. हा त्याचा चांगुलपणा.

त्या रात्रीचं मला आठवतं ते असं:
तळ्यावरून निघालो होतो, बादलीत नऊ वॉलाय,
मासे खराब होऊ नयेत म्हणून हीटर लावला नव्हता.
इतका शहाणा होतो मी.
डेप्युटी केलबला मी बेसबॉलची बॅट धरायला शिकवलं होतं.
"या रेषेवरून चाला, सर," तो म्हणाला.
सर म्हणाला तो.
रेष मला दिसत होती. ती माझ्याखाली थांबत नव्हती.

मारित चाकामागे बसते. पाय पोचत नाहीत.
खालची दांडी ओढते
आणि सीट खडकन पुढे सरकते,
अकरा वर्षं जिथे रुतली होती तिथून.
मग आरसा. तो ती स्वतःकडे वळवते,
त्यात आता मला माझा कान तेवढा दिसतो.
रेडिओ एकदम ओरडतो, गव्हाचे भाव.
ती तो बारीक करते, बंद करत नाही.

मी या बाजूला कधी बसलोच नव्हतो.
दाराच्या मुठीचा रंग गेलाय,
नेमका चार बोटांच्या रुंदीएवढा.
वरच्या प्लास्टिकवर नखांचे चरे,
काही जुने, आत धूळ भरलेले, ते इन्ग्रिडचे असतील.
काही खालच्या बाजूला,
लहान हात पोचेल तिथे.

मी माझी बोटं त्या मुठीवर ठेवून बघतो.
बसतात.

रेल्वेच्या फाटकाशी ती पूर्ण थांबते.
डावीकडे बघते, उजवीकडे बघते, परत डावीकडे.
या रुळावरून गुरुवारशिवाय गाडी जात नाही,
आज सोमवार आहे,
हे मी तिला सांगत नाही.

मागे बादलीत मासे आपटतात,
लाकडावर लाकूड वाजावं तसे.
"ते खाता येतील का अजून?"
ती रस्त्यावरून नजर न काढता विचारते.
कोणाला विचारतेय हे कळायला मला
एक पूर्ण शेत लागतं, कुंपणापासून कुंपणापर्यंत.
"माहीत नाही," मी म्हणतो.
"वितळल्यावर वास घेऊन बघू."
ती इंडिकेटर लावते.
वळणाला अजून बराच वेळ आहे.
टिक टिक टिक,
आणि माझी बोटं मुठीवरच.